वसतिगृहांच्या अनुदानाची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांना खुले पत्र

प्रति,
मंत्री, सचिव, आयुक्त आणि स्वयंसेवी संस्थांच्या वसतिगृहांचं अनुदान ज्यांच्या सहीने निघतं असे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : न मिळालेल्या हप्त्याच्या खर्चाचं प्रमाणपत्र मागितल्याबाबत, आणि त्या अनुषंगाने बरंच काही

महोदय,
स.न.वि.वि.

विषय वाचून टंकलेखकाची चूक वाटेल. चूक नाही. शाळा सुरू होऊन पंधरवडा उलटला तेव्हा जिल्ह्याच्या कार्यालयातून आमच्या संस्थेला पत्र आलं: गेल्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीशिक्क्यासह सात दिवसांत सादर करावं, अन्यथा चालू वर्षाचं अनुदान रोखण्यात येईल. तो हप्ता आमच्या खात्यात आलेलाच नाही. मार्चअखेरीस बिल तयार होतं, त्रुटींची पूर्तता झाली होती, आणि 31 तारखेला रात्री उशिरा फोनवर सांगण्यात आलं की बीडीएस, म्हणजे निधी वितरणाचा संगणकीय आदेश, निघाला नाही, निधी परत गेला, आता पुरवणी मागणीत बघू. आमचे लेखापाल आधी हसले. मग म्हणाले, ‘न आलेले पैसे खर्च झाले असं लिहून दिलं तर माझंच लायसन जाईल, सर.’ आम्ही तसं लेखी उत्तर दिलं, बँकेचं स्टेटमेंट जोडलं, आवक क्रमांक घेतला. त्या पत्राचं व्हायचं ते होईल. हे पत्र त्या एका हप्त्यापुरतं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, आता एका लहान संस्थेचा सचिव. संस्था वारकऱ्यांची. दसरा झाला की आमच्या भागातले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. पोरांची नावं हजेरीपटावर राहतात आणि पोरं फडात. ते पाहून आमच्या गावातल्या एका कीर्तनकार महाराजांनी मठाच्या ओसरीत पोरं ठेवून घ्यायला सुरुवात केली. लोक धान्य द्यायचे, बायका आळीपाळीने भाकरी करायच्या. पुढे संस्थेची नोंदणी झाली, वसतिगृहाला मान्यता मिळाली, अनुदान लागू झालं. मान्य संख्या 48. पोरं बौद्ध, मातंग, वंजारी, लमाण, आणि दोघं पिंजाऱ्याच्या घरची. माझ्या गळ्यात माळ आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नाही, आणि त्यावरून आमच्या इथे कधी काही अडलेलं नाही.

आमच्या तालुक्यात अशी आणखी वसतिगृहं आहेत. एक ख्रिस्ती सिस्टर चालवतात, मुलींचं. एक मुस्लिम जमातीच्या मंडळींचं. एक विहार समितीचं. महिन्यातून एकदा आम्ही चौघं कुठे ना कुठे भेटतो, बहुतेक वेळा कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावरच. दैवतं वेगळी, थकबाकी एकच.

राज्यात अशी दोन हजारांहून अधिक अनुदानित वसतिगृहं आहेत आणि लाखाच्या घरात पोरं त्यांत राहून शिकतात. ती सगळी धर्मसंस्थांची नाहीत. सहकारातल्या माणसांची आहेत, जुन्या शिक्षणसंस्थांची आहेत, काही राजकारण्यांचीही आहेत हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण मठ, मिशन, जमात, विहार, समाजाचं मंडळ अशा आधाराने उभी राहिलेली वसतिगृहं ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे, आणि तिच्यात राज्यकर्त्यांचा हात सुरुवातीपासून आहे. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. मग 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, 1907 मध्ये लिंगायतांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. राजर्षी शाहूंनी प्रत्येक समाजाला सांगितलं की तुम्ही पुढे या, चालवा, जागा आणि पैसा संस्थान देईल. मुस्लिमांच्या सोसायटीचं अध्यक्षपद तर त्यांनी स्वतःकडे घेतलं. संस्थानाला एवढी वसतिगृहं स्वतः चालवता आली नसती आणि समाजांना एकट्याने ती परवडली नसती. आज आपल्या खात्याचं जे काम आमच्यासारख्या संस्था करतात त्याचं मूळ तिथे आहे. त्याही आधी, 1875 मध्ये, पंढरपुरात प्रार्थना समाजाने टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. त्या काळी वाळवंटात, घाटावर सोडलेली अर्भकं कोण उचलणार, हा प्रश्न सरकारला पडायच्या आधी तो देवळाच्या गावातल्या माणसांना पडला होता.

हे सगळं सांगतो ते गौरव म्हणून नाही. कार्यालयात आम्हाला जे ऐकावं लागतं त्याचं उत्तर म्हणून. ‘सरकार तुम्हाला मदत करतंय, थोडं थांबायला काय होतं?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं आहे, खुर्चीवरची माणसं बदलली तरी वाक्य बदललं नाही. महोदय, मदत कोण कोणाला करतंय याचा हिशेब एकदा मांडून बघू. पोराला शाळेजवळ निवारा आणि दोन वेळचं जेवण देण्याची जबाबदारी सरकारने आपली मानली आहे. ती पार पाडायला सरकार जागा घेत नाही, इमारत बांधत नाही, कायमची नोकरभरती करत नाही. जागा मठाची, छप्पर लोकवर्गणीचं, रात्री पोराला ताप आला तर मोटारसायकलवर घेऊन जाणारा विश्वस्त फुकटचा. सरकार देतं ते परिपोषण (म्हणजे पोरांच्या जेवणाखाण्याचा खर्च), कर्मचाऱ्यांचं मानधन आणि थोडंफार भाडं. तेही वेळेवर नाही. म्हणजे सरकारचं काम आम्ही करायचं, आणि त्यासाठी लागणारं भांडवलही सरकारला आम्हीच उसनं द्यायचं. वर उपकार आमच्यावर.

आमच्या भागात ऊसतोडीचा मुकादमसुद्धा हंगाम सुरू होण्याआधी उचल देतो. तो काही साधुसंत नसतो. पण माणूस उपाशीपोटी फडात उतरणार नाही एवढं त्याला कळतं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी वेळेची. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. पहिला हप्ता पूर्वी दिवाळीपर्यंत यायचा, हल्ली दिवाळी झाल्यावरही येईल याची खात्री नाही. मधल्या काळात पोरं जेवतात ती किराणा दुकानदाराच्या भरवशावर. आमच्या दुकानदाराने खातेवहीत संस्थेसाठी वेगळी पानं ठेवली आहेत. भला माणूस आहे, तांदूळ-डाळीला कधी नाही म्हणत नाही. यंदा मात्र म्हणाला, ‘सर, तेलाचा डबा तेवढा रोखीने न्या.’ तेव्हापासून भाजीला फोडणी घालताना स्वयंपाकीणबाई पळी अर्धी भरतात. मी हे पाहतो आणि काही बोलत नाही. सिस्टरांकडे पूर्वी अशा वेळी बाहेरच्या देणगीचा आधार असायचा. त्यांचा परदेशी देणगीचा परवाना नूतनीकरणात अडकला आणि तो आधारही गेला. 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाले, सगळी खाती दिल्लीतल्या एकाच बँकशाखेत उघडायला लावली, प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. परदेशी पैशावर लक्ष असावं याबद्दल माझं दुमत नाही. पण बाहेरचा नळ बंद करायचा आणि घरच्या नळाला पाणी सोडायचं नाही, मग कळशी भरायची कशी?

यात कायद्याची गंमत अशी. एखाद्या लघुउद्योजकाने आपल्या कार्यालयाला खुर्च्या पुरवल्या, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने त्याचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. म्हणजे साहेब ज्या खुर्चीवर बसतात तिच्या पैशांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या खुर्चीवरून ज्या पोरांच्या जेवणाची फाइल पुढे जायची त्या जेवणाला नाही. आपल्याच राज्यात 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यात म्हटलं आहे की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हा कायदा मी झेरॉक्स काढून एका कार्यालयात नेला होता. तिथल्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि मनापासून म्हणाल्या, ‘सर, आमच्याकडे सात दिवस कुठली फाइल राहतच नाही, ती वर जाते नाहीतर खाली येते.’ खोटं नव्हतं त्यांचं. फाइल कुठेच थांबत नाही, फक्त पोचत नाही.

त्रुटींचंही असंच. त्रुटी असतील तर जरूर काढाव्यात, पण एकदम काढाव्यात. आधी म्हणतात दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे. ती दिली की म्हणतात ठरावावर अध्यक्षांची सही आहे, कोषाध्यक्षांची नाही. ती दिली की म्हणतात आता नमुना बदलला. दरम्यान आर्थिक वर्ष संपतं.

दुसरी तक्रार दराची. परिपोषण एका मुलामागे महिन्याला 900 रुपये होतं, ते 1500 झालं, आणि 2023 मध्ये 2200 झालं. ती वाढ मोलाची होती, त्याबद्दल तेव्हाही आभार मानले होते, आताही मानतो. पण गणित करून पाहू. मास्तरची सवय जात नाही. दिवसाला साधारण 73 रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, अंगाचा-कपड्याचा साबण, खोबरेल तेल, गॅस, दिवाबत्ती. आता हेच राज्य दहावीनंतरच्या मुलांना स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला वर्षाला 43,000 देत आलं आहे, त्यातले 25,000 नुसत्या भोजनाचे. आमच्या सहावीतल्या पोराला सगळं मिळून वर्षाला 22,000. स्वाधारचे कमी करा असं मी चुकूनही म्हणणार नाही, ती पोरं आमच्याच वसतिगृहांतून पुढे गेलेली असतात. पण वाढत्या वयाच्या पोराची भूक दहावीनंतर सुरू होते असं खात्यात कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या पंगतीत एकदा वाढायला यावं.

शिवाय हे परिपोषण दहा महिन्यांचं. उन्हाळ्यात मूल घरी जाणार असं गृहीत धरलेलं. कोणाचं घर? काही पोरांचे आईबाप हंगाम संपल्यावर वीटभट्टीवर जातात, काहींना आईबापच नाहीत, एक आजी असते आणि तिलाच कोणीतरी सांभाळायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीतही तेच, तेव्हा तर फड जोरात चालू असतो. ती पोरं आमच्याकडेच राहतात. एप्रिल-मेमध्ये ती जेवत नाहीत असं कागदावर आहे. आमच्या ओसरीत मात्र जेवतात, आणि उन्हाळ्यात आंब्याच्या दिवसांत जरा जास्तच जेवतात.

कर्मचाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं लिहीत आहेत, आझाद मैदानावर बसत आहेत. एवढंच सांगतो: आमच्या अधीक्षकाचा कामाचा वेळ दिवसाचे चोवीस तास आहे, त्याला मानधन मिळतं, तेही महिन्याच्या महिन्याला नाही, आणि मुलगी बघायला गेला की ‘नोकरी कायम आहे का’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. तो सोडून गेला तर मी त्याला अडवणार नाही.

तिसरी गोष्ट धर्माची, आणि तिच्यावर थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तिच्याबद्दल कोणी स्पष्ट लिहीत नाही. आमच्याकडे एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भोजनगृहातली विठ्ठलाची तसबीर पाहिली आणि शेऱ्यात लिहिलं, धार्मिक प्रतीके काढून टाकावीत. आम्ही तसबीर मठात नेऊन ठेवली. पुढच्या खेपेला दुसरे साहेब आले. त्यांनी विचारलं, ‘वारकऱ्यांची संस्था ना? मग पोरांकडून हरिपाठ म्हणवून घेत नाही का?’ आणि सायंप्रार्थना होत नाही याबद्दल शेरा लिहिला. दोन्ही शेरे एकाच फाइलमध्ये पानं सोडून आहेत. सिस्टरांकडे तर वेगळाच ताप. तिथे तपासणीत पहिला प्रश्न मुलींच्या दाखल्यांचा नसतो, ‘इथे बाप्तिस्मा देता का’ हा असतो, आणि तो मुलींसमोर विचारला जातो. जमातीच्या वसतिगृहात पाहुण्या साहेबांनी स्वयंपाकघराच्या पातेल्यांची झाकणं उघडून पाहिली.

नियम काय आहे हे घटनेत लिहिलेलं आहे, ते साहेबाच्या आवडीनिवडीवर ठेवलेलं नाही. कलम 27 सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कोणावर करता येणार नाही. कलम 28 सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. कलम 29 सांगतं की अशा संस्थेत धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. आणि कलम 30 सांगतं की संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे म्हणून सरकारला मदत देताना दुजाभाव करता येणार नाही. वसतिगृहांनाही याच चार कलमांनी मोजावं, माझं एवढंच म्हणणं आहे. आम्हाला एकही कलम जड नाही. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ होतो तो मठात. ज्या पोराला यायचं ते येतं, बाकीची ओसरीत अभ्यास करतात नाहीतर गोट्या खेळतात. आम्ही माळकरी असल्याने वसतिगृहाच्या स्वयंपाकात अंडं नसतं. शाळेत मिळायचं तेव्हा पोरं तिथे खायची आणि मी विचारायला जायचो नाही.

धर्मसंस्थांना मोकळं रान द्या, असं मी म्हणत नाही. उलट आमच्यासारख्यांवर लक्ष ठेवायला हवं, आणि त्यालाही कोल्हापूरचाच दाखला आहे. तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला. परतल्यावर त्याला शुद्धीची आंघोळ करायला सांगितलं, त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो विद्यार्थी भाऊराव पाटील. समाजाने चालवलेलं वसतिगृह समाजाचे दोषही बरोबर घेऊन चालतं, हे त्यांनी अंगावर घेतलं होतं. पुढे 1924 मध्ये साताऱ्याला त्यांनी शाहू बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं. सरकारी पैशासोबत अट यायलाच हवी. फक्त ती अट लेखी असावी, सगळ्यांना सारखी असावी, आणि साहेब बदलला की बदलू नये.

आणि भाऊरावांचीच दुसरी गोष्टही आपल्या खात्याने लक्षात ठेवावी. 1948 मध्ये त्यांनी तेव्हाच्या सरकारवर जाहीर टीका केली आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद झालं. पुढे ते पुन्हा सुरू करावं लागलं. आज हे पत्र छापून आल्यावर आमच्या फाइलचं काय होईल, असं आमच्या विश्वस्तांपैकी दोघांनी मला विचारलं. हा प्रश्न त्यांना पडावा, यातच अनुदान कसं वाटलं जातं ते आलं.

आता आपली बाजूही मला माहीत आहे. कागदावरची पोरं दाखवून अनुदान लाटणारी वसतिगृहं होती आणि आहेत. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून पोरं जीपमध्ये भरून आणणाऱ्या संस्थाचालकांची नावं तालुक्यात सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या फाइली वेळेवर निघतात, हे त्यातलं विशेष. आपण बोगस वसतिगृहांचं कारण सांगून सगळ्यांचं अनुदान रोखता, तेव्हा बोगस संस्थेचं काहीच बिघडत नाही, कारण तिथे जेवणारं कोणी नसतं. उशीर फक्त खऱ्या वसतिगृहाला लागतो.

यावर उपाय सरकारने स्वतःच एकदा केलेला आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभरातल्या शाळांची तीन दिवसांत एकाच वेळी पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून. लाखो नावं खोटी निघाली. वसतिगृहांचं तसं करा. बायोमेट्रिक यंत्रावर अवलंबून राहू नका. थंडीत बोटं फुटली की आमच्या निम्म्या पोरांचा ठसा ते यंत्र घेत नाही, आणि ज्याला लबाडी करायची त्याला यंत्राची वाट सापडते.

पैशांबद्दलही एक बोललं पाहिजे. 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावरून खुद्द मंत्र्यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली. आमच्या पोरांच्या आयांना त्या योजनेचे 1500 मिळतात. फडावरून फोन करून एकीने मला सांगितलं की त्यातून लेकासाठी बूट घेणार आहे. योजना बंद करा असं कोण म्हणेल? पण आईला उजव्या हाताने द्यायचे आणि लेकाच्या जेवणातून डाव्या हाताने काढायचे, याला वाटप म्हणत नाहीत. आणि दोन कोटींहून जास्त बायांच्या खात्यात थेट पैसे पोचवता येतात हे ज्या सरकारने दाखवून दिलं, त्याने दोन-अडीच हजार वसतिगृहांबद्दल तांत्रिक अडचण सांगू नये.

2024 च्या आषाढीला शासनाने पालख्यांसोबतच्या दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये जाहीर केले. आमच्या दिंडीतही त्यावर चर्चा झाली. मी स्वतः म्हणालो, घेऊ नये. वारी आपल्या पायांनी आणि आपल्या शिदोरीने करायची असते, तिला सरकारचा आधार लागत नाही आणि लागलाही नव्हता. काहींना माझं पटलं नाही, तो त्यांचा विचार. पण एक विचारायचं राहून गेलं ते आता विचारतो. आमच्या चालण्यासाठी सरकारला पैसे आठवतात, आणि तीच आम्ही माणसं परत येऊन पोरं सांभाळतो त्या कामासाठी बीडीएस निघत नाही, हे कसं? भक्तीचं आम्ही बघून घेऊ. सरकारने आपलं काम बघावं.

मागण्या अवघड नाहीत.

गेल्या वर्षीची थकबाकी, कोणत्याही वसतिगृहाची असो, पुरवणी मागणीची वाट न पाहता द्यावी. पुढे दरवर्षी वर्षाच्या अनुदानाचा निम्मा भाग शाळा उघडायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मागच्या वर्षीच्या मान्य उपस्थितीवर आगाऊ द्यावा, आणि उरलेला जानेवारीअखेर. चुकलं तर पुढच्या हप्त्यात वळतं करून घ्यावं. आम्ही कुठे पळून जाणार नाही, मठ तिथेच आहे.

अनुदान मंजुरी आणि वितरण ही सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित करावी. जातीच्या दाखल्याला मुदत ठरवता येते तर याला का नाही? मुदत टळली की कोणाकडे अपील करायचं ते माणसाला कळतं, मग व्हरांड्यातल्या बाकावर बसायची गरज उरत नाही. फाइल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आहे हे संकेतस्थळावर दिसावं. त्रुटी एकदाच, एकत्र, लेखी.

परिपोषणाचा दर दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाला बांधावा, म्हणजे आम्हाला मोर्चे काढावे लागणार नाहीत आणि आपल्याला घोषणा कराव्या लागणार नाहीत. ज्या मुलांना सुट्टीत जायला घर नाही त्यांची यादी शाळेच्या मुख्याध्यापकाकडून प्रमाणित करून घ्यावी आणि त्यांचं परिपोषण बारा महिने द्यावं.

कर्मचाऱ्यांचं मानधन संस्थेच्या हप्त्यातून वेगळं काढावं आणि दरमहा थेट त्यांच्या खात्यात जमा करावं. हे केलं तर संस्थाचालकांनी मानधनातून कापून घेण्याच्या ज्या तक्रारी येतात त्याही थांबतील. आमच्या काही मित्रसंस्थांना ही मागणी आवडणार नाही. तरी ती लिहितो.

सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वसतिगृहासाठी, मग ते मठाचं असो, चर्चचं, जमातीचं, विहाराचं की आमदारांच्या संस्थेचं, एकच आचारसंहिता काढावी: प्रवेश कसा, उपासनेची सक्ती नाही ती कशी तपासायची, जेवणात काय, मुलाने तक्रार कोणाकडे करायची. ती मराठीत, मोठ्या अक्षरात, भोजनगृहाच्या भिंतीवर लावायची सक्ती करावी. तपासणीचा अहवाल त्याच आठवड्यात जाहीर करावा, म्हणजे एका साहेबाने काय लिहिलं ते दुसऱ्याला येण्याआधी वाचता येईल.

आणि राज्यभर एकाच रात्री, न सांगता, पटपडताळणी करावी. दिवसा पोरं शाळेत असतात. रात्री नऊला या, तेव्हा अंथरुणं पडलेली असतात आणि खरी संख्या मोजता येते. ज्या वसतिगृहात पोरं सापडणार नाहीत त्याची मान्यता त्याच महिन्यात काढावी आणि ती संख्या जिथे पोरं दाटीवाटीने झोपतात तिथे द्यावी. आमची मान्य संख्या 48 आहे, यंदा त्यापेक्षा जास्त पोरं राहतात. वरच्यांचं परिपोषण आम्ही मागितलेलं नाही, ती पोरं गावच्या धान्यावर जेवतात. त्यांना मान्यता द्यायची की नाही हे मोजणी झाल्यावर ठरवा.

कळावे,

आपला,
सचिव,
मराठवाड्यातील एक अनुदानित वसतिगृह

प्रत माहितीस्तव : वसतिगृहातील मुलांचे पालक, मुक्काम ऊसतोडीच्या फडावर, तालुक्यातील इतर तीन वसतिगृहांचे चालक, आमचे किराणा दुकानदार.